बारा जणांचं गाव

बाजारातल्या कुठल्याही दुकानाचा वजनकाटा पाच ग्रॅमनं खोटं बोलू लागला, तर काटेवाल्यांना ते नुसत्या पारड्याच्या हलण्यावरून कळायचं. चौतीस वर्षं त्यांनी काटे दुरुस्त केले. आधी दांडीचे, मग स्प्रिंगचे, मग आकडे दाखवणारे. एखादा दुकानदार लाडीगोडी लावून म्हणायचा, "जरा आमच्या बाजूनं झुकवा की." त्यावर काटेवाले काटा तसाच उचलून त्याच्या हातात द्यायचे आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायचे. असा हा माणूस सहा वर्षं धडधडीत खोटं जगत होता, हे कुणाला सांगून पटलं नसतं. आणि खोटंही साधंसुधं नव्हे. एका देहात सात माणसांचं.

त्यासाठी आधी त्यांच्या खेळाबद्दल सांगायला हवं. खेळ शब्दांचा. त्यात चित्र नाही, गाणं नाही, धावणं-पळणं नाही. काळ्या पडद्यावर वाक्य उमटतं, 'तुम्ही नदीकाठी उभे आहात. उत्तरेला पूल आहे, पूर्वेला गिरणी.' आपण 'उत्तर' असं टाईप केलं की आपण पुलावर. तिथं आणखी कुणी असलं तर त्याचं नाव दिसतं आणि आपण 'बोल' लिहून पुढे काय लिहू ते त्याला, तो जगात कुठेही बसलेला असला तरी, वाचायला मिळतं. कुणी आजारी पडतं, कुणी भांडतं, कुणी नावेतून पलीकडे जातं. हे सगळं गाव एका यंत्रात राहतं आणि ते यंत्र चालू असेल तोवरच गाव असतं. त्या यंत्राला सर्व्हर म्हणतात. काटेवाल्यांचा सर्व्हर म्हणजे दुकानाच्या मागच्या खोलीतल्या लोखंडी टेबलाखालचा एक जुना कॉम्प्युटर. त्याचं झाकण कधीच हरवलं होतं आणि पंखा दळणाच्या चक्कीसारखा घरघरायचा.

एकोणीस वर्षांपूर्वी तो कॉम्प्युटर त्यांनी आकड्यांचे काटे तपासायला घेतला आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. फावल्या वेळात कुठूनसा फुकटचा प्रोग्राम मिळवला, मोडक्यातोडक्या माहितीवर तो उभा केला आणि नदी, पूल, गिरणी, शाळा, नावेचा धक्का असं एक गाव स्वतःच्या हातानं लिहून काढलं. पहिल्या दिवशी चार माणसं आली. काटेवाल्यांनी खूश होऊन समोरची खिडकी बंद केली आणि चहाला गेले. परत येऊन बघतात तर गाव गायब. सर्व्हर त्या खिडकीतच चालत होता, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पुढं एकदा मराठी अक्षरांच्या जागी सगळीकडे प्रश्नचिन्हं यायला लागली. पंधरा दिवस गावातली माणसं एकमेकांशी नुसती प्रश्नचिन्हं बोलत होती, पण एकही माणूस सोडून गेला नाही. असे ते दिवस होते.

तिसरी अडचण पत्त्याची. इंटरनेटवर प्रत्येक घराला एक आकडा असतो, तोच त्याचा पत्ता. काटेवाल्यांच्या घरचा आकडा दर दोन दिवसांनी बदलायचा, त्यामुळे लोकांना गाव सापडेना. मग त्यांच्या ओळखीचा केबलवाला मदतीला आला. त्याच्याकडे कायमच्या पत्त्याचं एक यंत्र होतं. लोकांनी त्याच्या दारावर टकटक करायची आणि त्याच्या यंत्रानं त्यांना आत काटेवाल्यांकडे पोचवायचं, अशी सोय झाली. सोय उत्तम. फक्त काटेवाल्यांना सगळी माणसं एकाच ठिकाणाहून, म्हणजे केबलवाल्याकडून, आलेली दिसू लागली. त्यांच्या गावाचा तिसरा नियम होता, 'एका माणसाचं एकच पात्र.' एकाच पत्त्यावरून दुसरं पात्र आलं, तर सर्व्हरनं एक अक्षर न बोलता त्याला बाहेर ठेवायचं. लबाडाला कारण कशाला सांगायचं, असा काटेवाल्यांचा बाणा. पण आता पत्ता सगळ्यांचाच एक म्हटल्यावर ती तपासणी केबलवाल्याच्या यंत्रापुरती त्यांनी उठवली. दाराला कुलूप होतं, पण ते नुसतं कडीला अडकवलेलं.

एके काळी गावात चाळीस माणसं होती. मग चित्रांचे खेळ आले, फोन आले, आणि एकेक जण पुलावरून गेला तो परत आला नाही. सहा वर्षांपूर्वी एका दुपारी काटेवाले 'कारभारी' म्हणून गावात शिरले, तर शाळेत कुणी नाही, धक्क्यावर कुणी नाही. फक्त पुलावर दिवाबत्ती नावाची एक बाई एकटी उभी होती. ती रोज यायची आणि पुलावरचे दिवे लावायची. तिनं विचारलं, "कारभारी, आज कोणीच नाही का?"

खरं उत्तर 'नाही' असं होतं. काटेवाल्यांनी लिहिलं, "आहेत ना, येतीलच." आणि त्याच टेबलावर दुसरी खिडकी उघडून त्यांनी एक पाववाला जन्माला घातला.

खोट्याला पाय नसतात म्हणतात, पण पोरं मात्र भराभर होतात. पाववाला एकटा कुणाशी बोलणार, म्हणून नावाडी आला. मग आजी आली, वैद्य आला, गुराखी आला, शाळा ओस दिसते म्हणून मास्तर आले. कारभारी धरून सात. तिसरा नियम ज्यानं लिहिला त्यानंच तो सातपट मोडला. सर्व्हरच्या स्वतःच्या टेबलावरून आलेल्या पात्रांना तपासणी लागू नव्हती, कारण तसंही काटेवाल्यांनीच लिहून ठेवलं होतं. पण युक्ती फळली. हळूहळू खरी माणसंही वाढली. दिवाबत्तीच्या पाठोपाठ सुतारकाका आले, मग थोरली आणि धाकटी अशा दोघी बहिणी आल्या, मग एक पोस्टमन आला. पाच खरी, सात खोटी. गाव बारा जणांचं झालं आणि बारांवरच ठरलं.

आता या बारांचा संसार चालवायचा म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. काटेवाल्यांनी एक वही केली. पाववाला वाक्याच्या शेवटी 'बघा' म्हणतो. आजीला लांब वाक्य जमत नाही. मास्तरांचं आणि वैद्याचं तीन महिन्यांपासून बोलणं बंद आहे. ते भांडणही लावावं लागलं, कारण धाकटीनं एकदा विचारलं होतं, "तुमच्यात कधी कुणाचं वाजत कसं नाही?" खरी माणसं अकरा ते एक आणि पाच ते साडेसात या वेळात यायची. तेवढा वेळ काटेवाले सात खिडक्या उघडून बसायचे आणि एका खिडकीतून दुसरीत उड्या मारायचे. एकदा त्यांना ताप भरला. सात माणसं एकदम कशी काय आजारी पडणार? शेवटी कारभाऱ्यानं जाहीर केलं की गावात साथ आली आहे. पुढं सुतारकाका, दोघी बहिणी, पोस्टमन आणि दिवाबत्ती असे पाचही जण नऊ दिवस लाकडं आणायला रानात गेले, तेव्हा काटेवाल्यांनी हुश्श केलं आणि नऊ दिवस झोप काढली. पाच माणसं एकदम रानात का गेली असतील, हा विचार त्यांच्या डोक्याला शिवलाही नाही. दुसऱ्याचा काटा तपासणारा माणूस स्वतःच्या पारड्यात कशाला बघेल!

या पायी काटेवाले तीन तासांपेक्षा जास्त घराबाहेर राहीनासे झाले. भाच्याच्या लग्नात जेवणाचं पान वाढेपर्यंत ते निघाले होते. मागच्या खोलीला एकच खिडकी, तिला गज, पलीकडे शेजारच्या इमारतीची भिंत. वीज गेली की बॅटरीची पेटी टीं टीं करायची आणि काटेवाले जेवणावरून उठायचे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. सोडायचा प्रयत्न त्यांनी दोनदा केला. दोन्ही वेळा पुलावर उभं राहून म्हणाले, "गाव बंद करावं म्हणतो." दोन्ही वेळा धाकटी म्हणाली, "मग आम्ही कुठे जायचं?" सुतारकाकांनी तर लिहिलं, "कारभारी, दिवसभरात माझं बोलणं होतं ते इथंच." दोन्ही वेळा काटेवाल्यांनी पुन्हा सात खिडक्या उघडल्या.

चौदा महिन्यांपूर्वी काटेवाल्यांची बायको मुलीकडे गेली. मुलगी दुसऱ्या शहरात इस्पितळात नर्स. जावई जहाजावर. नात दीड वर्षाची. ठरलं होतं ते असं, की बायकोनं पुढं जायचं आणि काटेवाल्यांनी दुकान आवरून तीन महिन्यांत मागून यायचं. दुकान त्यांनी आवरलं. पाटी उतरवली, वजनं तेल लावून डब्यात भरली, बॅगही भरली. ती बॅग मागच्या खोलीच्या दाराशी उभी राहून राहून तिच्यावर धूळ बसली. बायको फोनवर विचारायची, "कधी येताय?" काटेवाले म्हणायचे, "अगं, अकरा माणसं माझ्या भरवशावर आहेत." आणि ती बिचारी हे चार लोकांत अभिमानानं सांगायची. त्या अकरांतले सहा कोण, हे सांगायची हिंमत त्यांना कधी झाली नाही. लाज वाटायची. अठ्ठावन्न वर्षांचा बाप्या दुपारी आजी होऊन धाकटीला गोष्टी सांगतो, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

ती गेली त्या दिवशी संध्याकाळी नावाडी धाकटीला म्हणाला होता, "घरात एकच कप धुवायचा असला की तो धुवावासा वाटत नाही."

धाकटी म्हणाली होती, "मग दोन वापरा."

तेव्हापासून ते दोन कप वापरत होते.

मागच्या सोमवारी दोन गोष्टी एकदम झाल्या. सकाळी बायकोचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, हेच वाईट होतं. ती म्हणाली, "या रविवारी येताय की नाही, ते एकदाच सांगा. नाही म्हणालात तर मी पुन्हा विचारणार नाही." आणि दुपारी केबलवाला स्वतः दारात येऊन म्हणाला, "काका, माझं यंत्र आजपासून बंद. धंदाच आवरतोय. तुमचं तुम्ही बघा."

काटेवाले क्षणभर हरखले. सुंठीवाचून खोकला जातोय! दारच बंद झालं तर कुणी काय म्हणणार? काही करायचं नाही, नुसतं बसायचं, गाव आपोआप मरेल, आणि रविवारी आपण बॅग उचलायची. ते बॅगेजवळ गेले, तिच्यावरची धूळ हातानं पुसली. आणि मग सुतारकाका आठवले. दिवसभरात माझं बोलणं होतं ते इथंच. काटेवाले निमूट परत टेबलापाशी बसले. त्यांना स्वतःचा इतका राग आला की त्यांनी बॅगेला एक लाथ घातली.

सोमवारचा उरलेला दिवस त्यांनी नवा, न बदलणारा पत्ता घेण्यात आणि दार थेट उघडण्यात घालवला. केबलवाल्याला विनवून जुन्या पत्त्यावर एका दिवसापुरता तसा निरोप ठेवला. मंगळवारी सकाळी अकराला दिवाबत्ती आली. काटेवाल्यांचा जीव भांड्यात पडला. पण बाकीचे चौघे आले नाहीत.

"सुतारकाकांचा निरोप आलाय," दिवाबत्ती म्हणाली. "दार उघडतच नाहीये म्हणे. त्या दोघी बहिणींचंही तेच."

काटेवाल्यांनी लॉग उघडला. लॉग म्हणजे सर्व्हर आपण होऊन लिहीत जातो ती रोजनिशी. त्यात दर दोन मिनिटांनी एकच ओळ होती, 'त्याच पत्त्यावरून एक जण आत आहे. दुसऱ्याला नाकारलं.' तिसऱ्या नियमाची तपासणी! केबलवाल्याचं यंत्र मध्ये होतं तोवर ती झोपली होती, आता जागी झाली होती.

वजनकाटा चुकीचा दाखवतो तेव्हा आधी पारडं बघायचं, मग दांडी बघायची, आणि वजनावर शंका सगळ्यात शेवटी घ्यायची, ही काटेवाल्यांची चौतीस वर्षांची रीत. त्या रीतीनं त्यांनी आधी स्वतःवर शंका घेतली. एकोणीस वर्षांपूर्वीचा कोड, त्यात चूक असणारच. मंगळवार तपासणीच्या त्या चाळीस ओळी वाचण्यात गेला. दिवाबत्ती बाहेर पडली की सुतारकाका आत येत. सुतारकाका गेले की थोरली येई. एकेक जण बिनबोभाट येई, दोघं एकदम मात्र येत नसत. बुधवारी काटेवाले कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले आणि त्याच्या कॉम्प्युटरवरून एक पात्र आत घातलं, मग दुसरं घालून पाहिलं. दुसरं नाकारलं गेलं. मग झेरॉक्सवाल्याचा फोन मागून त्याच्या लाइनवरून घातलं, तर आत गेलं. दोन पत्ते, दोन पात्रं. कोड चोख होता.

"काका, एवढं घामाघूम व्हायला झालंय काय?" झेरॉक्सवाल्यानं विचारलं.

"काटा बरोबर आहे रे," काटेवाले म्हणाले, "तेच तर झालंय."

परत येताना त्यांनी मनाची समजूत घातली. एकाच घरात राहत असतील पाचही जण. कुटुंब असेल. किंवा एखादं वसतिगृह असेल, सगळ्यांना मिळून एकच लाइन. का नसेल? हे त्यांना इतकं पटलं की गुरुवारी सकाळी ते तपासणी कायमची काढूनच टाकणार होते. बोट तिथं ठेवलंही होतं. पण हात सवयीचा. दुरुस्ती करण्याआधी वजन एकदा तपासायचंच. त्यांनी जुने लॉग काढले, सहा वर्षांचे, आणि त्या पाच जणांच्या ओळी वेळेसकट एकाखाली एक मांडल्या.

सुतारकाका बोलले, मग सहा सेकंदांनी थोरली, मग आठ सेकंदांनी पोस्टमन, मग पाच सेकंदांनी दिवाबत्ती. दोघं एकदम बोललेत असं सहा वर्षांत एकदाही नाही. एकमेकांचं बोलणं कधी मध्येच तोडलेलं नाही. धाकटी लांब वाक्य बोलली की तेवढा वेळ बाकीचे चौघे गप्प. घरात पाच माणसं असली तर इतकी शिस्त? काटेवाल्यांच्या घरी तिघं होती तेव्हा एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू येत नसे.

ही चाल त्यांच्या ओळखीची होती. त्यांनी शेजारी स्वतःच्या सातांच्या ओळी मांडल्या. पाववाला, सहा सेकंद, आजी, सात सेकंद, मास्तर. एका खिडकीतून दुसरीत उडी मारायला लागतो तेवढाच वेळ.

काटेवाले किती तरी वेळ त्या दोन रांगांकडे बघत राहिले. मग त्यांना ती लाकडं आणायची नऊ दिवसांची सहल आठवली. आणि हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले, आणि मग संताप आला, तो नेमका कुणाचा ते त्यांना ठरवता येईना.

पाच वाजता कारभारी पुलावर गेला. दिवाबत्ती दिवे लावत होती.

"एक विचारू?" कारभाऱ्यानं लिहिलं. "सुतारकाका तुम्हीच का?"

पडद्यावर ओळ उमटली, दिवाबत्तीनं हातातला दिवा खाली ठेवला.

"हो," ती म्हणाली. "आणि दोघी बहिणी. आणि पोस्टमन. मला माफ करा, कारभारी. नियम मला ठाऊक होता. पण गावात माणसंच उरेनात. तुम्ही गाव बंद कराल अशी भीती वाटली. मग तुमच्या त्या आजी, मास्तर, तो गरीब नावाडी, ती मंडळी कुठे गेली असती? त्या दिवशी नावाडी कपाचं बोलला, तेव्हा मी खरंच रडले. अशा माणसाला टाकून कसं जायचं?"

चोराच्या मनात चांदणं असतं, इथं तर दोन चोर समोरासमोर उभे होते. त्यांनी लिहिलं, "नावाडी मीच."

"म्हणजे?"

"आजी मी. मास्तर मी. पाववाला, वैद्य, गुराखी, सगळे मीच. सात."

मग तिनं लिहिलं, "म्हणजे आपण दोघंच?"

"दोघंच."

"सहा वर्षं?"

"सहा वर्षं."

मग हळूहळू तिनं सांगितलं. ती एका मोठ्या स्थानकात प्रवाशांचं सामान ठेवून घेणाऱ्या खिडकीवर बसायची. लोक पेट्या ठेवायचे आणि गावोगाव जायचे, ती तिथंच. तिला तीनदा वरची जागा देऊ केली होती. हाताखाली तिघं, वर प्रशस्त खोली. तिन्ही वेळा तिनं नकार दिला, कारण तिथं दुपारी आणि संध्याकाळी कॉम्प्युटरला चिकटून बसता आलं नसतं आणि इकडे सात जण वाट बघत राहिले असते. साहेब म्हणायचे, ही बाई वेडी आहे. चौथ्यांदा विचारलं होतं आणि या शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

"मग मी गाव बंद करतो म्हणालो, तेव्हा धाकटी का अडवायची?" काटेवाल्यांनी विचारलं.

"मला वाटायचं, तुमचीच मंडळी तुम्हाला ते म्हणायला लाजत असतील. त्यांच्या वतीनं कुणीतरी बोलायला नको?"

काटेवाल्यांनी कपाळावर हात मारून घेतला. खोलीत ते बघायला कुणी नव्हतं, तरी मारला.

"आजीला मी माझ्या आईचं सगळं सांगितलं होतं," ती म्हणाली. "ते तुम्हीच वाचलंत?"

"वाचलं. पण ऐकलं आजीनंच. मी नुसतं टाईप केलं."

"खरंय," ती म्हणाली. "सुतारकाकांचंही तसंच होतं."

गाव बंद करायचं हे दोघांपैकी कुणीच आधी म्हटलं नाही. ते ठरूनच गेलं. शुक्रवारी दुपारी बाराला दोघं आली आणि एकेकाला घरी पाठवू लागली. पोस्टमन गेला. पाववाला गेला, जाताना 'येतो बघा' म्हणाला. मास्तर आणि वैद्य बोलले एकदाचे. थोरली गेली, गुराखी गेला, सुतारकाकांनी हत्यारं पुलाच्या कठड्याशी ठेवली. धाकटीनं नावाड्याला विचारलं, "दोन कप वापरताय ना?" नावाडी म्हणाला, "हो. पण दोन्ही मलाच धुवावे लागतात." आजी सगळ्यात शेवटी गेली, कारण तिला चालायला वेळ लागायचा.

मग कारभारी आणि दिवाबत्ती उरले. ती म्हणाली, "मी साहेबांना हो म्हणून आलेय. दिवे राहू देते." काटेवाल्यांनी बंद करायची आज्ञा दिली. तेव्हा सर्व्हरनं विचारलं, कारण एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनीच त्याला तसं विचारायला शिकवलं होतं, 'गावात २ जण आहेत. खरंच बंद करायचं?'

सहा वर्षांत तो आकडा पहिल्यांदा बरोबर होता. काटेवाल्यांनी 'हो' लिहिलं. पंखा घरघरत थांबला, आणि खोलीत इतकी शांतता झाली की पलीकडच्या इमारतीत कुणी नळ सोडला तो ऐकू आला.

त्यांना वाटलं होतं, मोकळं वाटेल. सहा वर्षं पायात अडकलेलं सुटेल. त्यांनी दोन्ही कप धुतले, बॅग उचलून शटरपाशी नेली आणि बायकोला फोन लावला. तिकडे नात डब्यावर चमचा आपटत होती.

"मी येतोय," ते म्हणाले. "रविवारी नाही, आजच निघतो."

"आणि तुमची ती अकरा माणसं?"

आता खोटं बोलायचं काही कारणच उरलं नव्हतं. त्यांनी सांगितलं. पाववाल्यापासून आजीपर्यंत सगळं सांगितलं, सात खिडक्या सांगितल्या, वही सांगितली, ते नावाड्याचं कपाचं बोलणंसुद्धा सांगितलं, आणि सामानाच्या खिडकीवरच्या त्या बाईचं सांगितलं. सांगताना मध्येच हसलेही. बायको हसली नाही. चमचा आपटायचा थांबला. तिनं नातीला उचलून घेतलं असावं.

"म्हणजे शेवटी तिथं एकच माणूस होतं," ती म्हणाली.

"एकच."

"कपाचं मला नाही बोललात कधी."

काटेवाल्यांनी शटरपाशी ठेवलेली बॅग उचलली.

"पोरगी सकाळी कामावर जाते ती अंधार पडल्यावर येते," ती म्हणाली. "नवव्या मजल्यावर मी आणि हे एवढंसं लेकरू. चौदा महिने झाले. शेजारचं दार कधी उघडलेलं मी पाहिलं नाही. मी म्हणायची, जाऊ दे, तिथं अकरा जणांचा प्रश्न आहे, इथं मी एकटीच तर आहे."

"अगं, मला वाटलं..."

"त्या एका बाईसाठी तुम्ही सात माणसं झालात," ती म्हणाली. "माझ्यासाठी एक होऊन यायला काय झालं होतं हो?"

काटेवाल्यांच्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातात बॅग. आजी यावर काहीतरी बोलली असती, नावाडीही बोलला असता. पण ती दोघं दुपारीच घरी गेली होती. ते तसेच शटरपाशी उभे राहिले आणि ती फोन ठेवत नाही, एवढंच ऐकत राहिले.